कामावरील कलह आणि पुढाऱ्याचें कर्तव्य

चार माणसें एका ठिकाणीं कामास लागलीं कीं त्यांच्यांत आज ना उद्यां खटका उडावयाचाच. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस हें निराळें सांगावयास नको. घरांतील धुसफूस वडीलधाऱ्यांच्या एका शब्दानें पुष्कळदां मिटते; परंतु कचेरी, शाळा किंवा कारखाना येथें तेवढ्यानें भागत नाहीं. तेथें पगाराचा प्रश्न असतो आणि दोन्ही पक्षांस आपापला मान असतो. अशा वेळीं पुढारीपण ज्याच्याकडे आलें त्यानें कसें वागावें, याचा विचार व्हावा म्हणून १९१८ सालच्या अहमदाबादच्या गिरणी-कलहाची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

१९१७ सालीं अहमदाबादेंत प्लेग झाला. मजूर शहर सोडून जाऊं नयेत म्हणून मालकांनीं विणकरांस पगारावर मोठा भत्ता देऊं केला. कित्येकांस तो पगाराच्या ७०-८० टक्क्यांपर्यंत मिळे. सांथ ओसरतांच मालकांनीं भत्ता बंद करण्याचें ठरविलें. महायुद्धाची महागाई मात्र ओसरली नव्हती. विणकरांनीं ५० टक्के वाढ मागितली. मालक २० टक्क्यांवर अडून बसले. मालकांचे पुढारी श्री. अंबालाल साराभाई, आणि मजुरांच्या बाजूनें उभ्या राहिल्या त्यांच्याच वडील भगिनी अनसूयाबेन! मध्यें पडले गांधीजी. त्यांचा दोघांशींहि स्नेह होता.

गांधीजींनीं प्रथम काय केलें? बाजारभाव, मजुरांचा खर्च, मुंबईचे पगार, गिरण्यांची स्थिति, या सर्वांची चौकशी करून त्यांनीं ३५ टक्के हा आंकडा न्याय्य ठरविला आणि मजुरांस ५० वरून त्या आंकड्यावर आणिलें. पुढारीपणाचें सर्वांत अवघड काम तें हेंच, असें आम्हांस वाटतें. प्रतिपक्षास नकार देणें सोपें; आपल्याच माणसांस ‘इतकें नव्हे’ म्हणून सांगणें कठीण. आपल्या बाजूची ओरड जो तशीच पुढें पोंचवितो, त्यास पुढारी न म्हणतां दवंडीवाला म्हणावें.

पंच नेमण्याची योजना मध्येंच फिसकटली, आणि २२ फेब्रुवारीस गिरण्यांचे दरवाजे बंद झाले. साबरमतीच्या कांठीं बाभळीखालीं रोज सभा भरे, रोज एक पत्रक निघे. हाणामारी करूं नये, ही प्रतिज्ञेंतील अटच होती. १२ मार्चला मालकांनीं २० टक्के पत्करणारांस दरवाजे उघडले. उपाशी मजुरांचा धीर सुटूं लागला. एका चाळींतून कुरकुर ऐकूं आली, कीं गांधीजींचें व अनसूयाबेनचें काय जातें? ते मोटारींतून येतात-जातात आणि पोटभर जेवतात! दुसरा एखादा या बोलानें संतापला असता. गांधीजींनीं त्यांतील सत्य तेवढें उचललें. १५ मार्च रोजीं त्यांनीं उपवास आरंभिला. मात्र हा उपवास निर्दोष नव्हता, असें पुढें आत्मचरित्रांत त्यांनीं स्वतःच लिहिलें आहे. कारण मालक त्यांचे मित्र होते, व त्यांच्यावर दडपण आलें तें या स्नेहामुळें. प्रेमाची सक्ति हीहि सक्तीच, हें प्रत्येक वरिष्ठानें ध्यानीं धरावें.

१८ मार्चला तडजोड झाली. पहिल्या दिवशीं ३५ टक्के. मजुरांची प्रतिज्ञा राहिली. दुसऱ्या दिवशीं २० टक्के; मालकांचा शब्द राहिला. तिसऱ्या दिवसापासून पंचांचा निकाल लागेपर्यंत २७॥ टक्के. प्रो. आनंदशंकर ध्रुव हे पंच नेमले गेले आणि ऑगस्टमध्यें त्यांनीं ३५ टक्क्यांचाच निवाडा दिला.

एका दिवसाच्या ३५ टक्क्यांस कोणी शब्दांचा खेळ म्हणतील. आम्हांस तसें वाटत नाहीं. चारचौघांत उच्चारलेला शब्द मागें घेणें मनुष्यास नामुष्कीचें वाटतें, आणि मग भांडण पैशाचें न राहतां अब्रूचें होऊन बसतें. येथें दोन्ही प्रश्न वेगळे केले गेले. अब्रूचा प्रश्न दोन दिवसांत सुटला. पैशाचा प्रश्न शांत डोक्याच्या पंचाकडे गेला. १९२० सालीं मजूर महाजन स्थापन झालें, आणि तंटे पंचांपुढें नेण्याची वहिवाट अहमदाबादेंत पडली.

आमच्या वाचकांपैकीं कोणी हेडक्लार्क असतील, कोणी मुख्याध्यापक, कोणी कारखान्यांतील अधिकारी. हाताखालच्या दोघांत वितुष्ट आलें तर कोणाचें तोंड मोठें हें न पाहतां खरी गोष्ट काय ती आधीं शोधावी. आपल्या मर्जींतल्या माणसास त्याची चूक पहिल्यानें दाखवावी, तीहि एकांतांत. आणि दोघांसहि मान राखून मागें फिरतां येईल एवढी वाट मोकळी ठेवावी. उद्यां त्या दोघांस पुनः शेजारीं बसूनच काम करावयाचें असतें. अहमदाबादेच्या त्या झगड्यांत बहीण एका बाजूस व भाऊ दुसऱ्या बाजूस उभा होता. तरीहि त्यांचा स्नेह तुटला नाहीं.