दारू पिऊन गाडी चालवली, म्हणून नर्सिंगचा परवाना काढायचा का?

या पानावर आपण नेहमी खत, बियाणे आणि फवारणी यांवर बोलतो. आजचा विषय जरा बाजूचा वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा. त्याचा संबंध तुमच्या-आमच्या जिवाशी आहे.

मागच्या खरिपात एका गावी कपाशीच्या फवारणीची सभा घेतली. सभा संपली, चहा आला आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर वेगळीच चर्चा सुरू झाली. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातील एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, लग्नाहून मोटारसायकलवर परत येताना नाकाबंदीत सापडला होता. पोलिसांनी मशीनमध्ये फुंकर मारायला लावली, आकडा मर्यादेच्या वर गेला. कोर्टाने दहा हजार रुपये दंड केला आणि गाडीचे लायसन्स सहा महिन्यांसाठी गेले. सुदैवाने कोणाला धडक बसली नव्हती.

एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "साहेब, असल्या माणसाच्या हातात सुई द्यायची कशी? त्याचं नर्सिंगचं सर्टिफिकेटच रद्द करा. आम्ही गावाचा ठराव पाठवतो." कोपऱ्यात बसलेले एक आबा म्हणाले, "अरे बाबा, त्यानं गाडी पिऊन चालवली, सुई पिऊन टोचली का? माझ्या नातवाला साप चावला तेव्हा रात्रभर उशाशी तोच उभा होता." तरुण काही ऐकेना. "आबा, आज गाडी, उद्या सुई!"

खरं सांगायचं तर दोघांचेही म्हणणे मला खोटे वाटले नाही. त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही. नंतर कायदा वाचला, जाणकारांना विचारले. जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

गाडीचा कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १८५ दारू पिऊन गाडी चालवण्याबद्दल आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले की गुन्हा झाला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. शिवाय कलम २० प्रमाणे कोर्टाने लायसन्स कमीत कमी सहा महिने बंद ठेवायचे असते. जागेवर पावती फाडून हे प्रकरण मिटत नाही, कोर्टाची पायरी चढावीच लागते. आणि हो, ट्रॅक्टर हेही मोटार वाहनच आहे. कापसाची किंवा उसाची ट्रॉली ओढणाऱ्यालाही हेच कलम लागते.

म्हणजे गाडीच्या गुन्ह्याला गाडीच्या लायसन्सची शिक्षा कायद्याने ठेवलेलीच आहे. आपल्या धंद्यातले उदाहरण घ्या. कीटकनाशक विकणाऱ्या दुकानदाराला १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली परवाना लागतो. त्याने बनावट औषध विकले किंवा परवान्याच्या अटी मोडल्या तर परवाना निलंबित होतो, रद्दही होतो. पण तोच दुकानदार दारू पिऊन मोटारसायकलवर सापडला, म्हणून कृषी खाते त्याचे दुकान बंद करत नाही. ते केले तर आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असे होईल.

मग नर्सचे प्रकरणही इथेच संपले का? नाही. ते कसे, ते पुढे पाहू.

नोकरी वेगळी, नोंदणी वेगळी

गावात या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. सरकारी दवाखान्यातील नर्स हा शासनाचा किंवा जिल्हा परिषदेचा नोकर असतो. त्याला वर्तणुकीचे नियम लागू असतात. कामावर नशेत असणे किंवा नशेत सार्वजनिक जागी वावरणे त्या नियमांत बसत नाही. राज्य शासनाचा कर्मचारी ४८ तासांपेक्षा जास्त काळ कोठडीत राहिला तर तो निलंबित झाला असे मानले जाते. ही झाली नोकरीची बाजू.

नोंदणी ही दुसरी गोष्ट. महाराष्ट्रात नर्सची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते, त्यासाठी १९६६ चा कायदा आहे. गैरवर्तनाची चौकशी करून नोंदवहीतून नाव काढण्याचा अधिकार परिषदेला आहे. देशपातळीवरही संसदेने २०२३ साली परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा केला. त्यात व्यवसायातील आचार आणि नोंदणी यांसाठी वेगळे मंडळ ठेवले आहे.

फरक ध्यानात घ्या. एका जागची नोकरी गेली तरी माणूस दुसरीकडे काम करू शकतो. नोंदणी गेली तर सरकारी, खाजगी, कुठेच नाही. शिक्षण घेतलेला माणूस कायमचा घरी बसतो. म्हणून ही कुऱ्हाड उचलण्याआधी दहा वेळा विचार करावा लागतो.

कोर्टांनी काय म्हटले?

दोन निकाल सांगतो. हरियाणातील एका कर्मचाऱ्याची नोकरी अवघ्या २० रुपये दंडाच्या शिक्षेवरून गेली होती. गुन्हा दारूचा नव्हता, सार्वजनिक जागी अश्लील वर्तनाच्या कलमाचा होता. सुप्रीम कोर्टाने १९९६ साली स्पष्ट केले की प्रत्येक शिक्षा म्हणजे नैतिक अधःपतन नव्हे. किरकोळ दंडाच्या शिक्षेने माणसाची भाकरी जाऊ नये, यासाठी संसदेने विचार करावा असेही कोर्टाने सुचवले.

दुसरा निकाल जानेवारी २०२२ चा. उत्तर प्रदेशातील सशस्त्र पोलीस दलाचा चालक जवानांनी भरलेला ट्रक दारू पिऊन चालवत होता आणि त्याने जीपला धडक दिली. मोठी हानी झाली नाही, एवढ्यावर सूट मागता येणार नाही, असे सुप्रीम कोर्टाने बजावले. तरीही त्याची २५ वर्षांची नोकरी आणि तो आता हयात नाही हे पाहून बडतर्फीऐवजी सक्तीची निवृत्ती दिली.

इथे ड्युटीवरचा चालक होता आणि चालवणे हेच त्याचे काम होते. आपला ब्रदर सुट्टीत होता आणि त्याचे काम सुईचे. त्यामुळे हा निकाल जसाच्या तसा त्याला लावता येत नाही.

परदेशात मात्र नर्सच्या बाबतीत नियम कडक आहेत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात दारूशी संबंधित गुन्ह्याची शिक्षा हाच नर्सच्या व्यावसायिक गैरवर्तनाचा पुरावा धरला जातो. तिथल्या एका नर्सला ड्युटी नसताना, एकदाच दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झाली होती. रोग्याला काही इजा नव्हती. तरी नर्सिंग बोर्डाने परवान्यावर तीन वर्षांची देखरेख लावली आणि २०१२ साली तिथल्या अपील कोर्टाने ती कायम केली. पण इथे एक गोष्ट बघा. त्यांनीही परवाना हिसकावून घरी बसवले नाही, काम करू देऊन लक्ष ठेवले.

रात्रीची दारू सकाळी ड्युटीवर

"सुट्टीत प्यायला, त्याचं काय एवढं?" असे आबांचे म्हणणे. इथे मात्र मी आबांशी सहमत नाही. शरीर रक्तातील अल्कोहोल हळूहळू काढते, साधारणपणे तासाला १५ मिलिग्रॅम. रात्री अकरा वाजता एखाद्याच्या रक्तात १५० मिलिग्रॅम असेल, तर आठ तासांत १२० कमी होतात. म्हणजे सकाळी सातला तो अजून ३० च्या रेषेवर उभा आहे. लिंबू-पाणी, ताक, थंड पाण्याची आंघोळ, याने आकडा खाली येत नाही. ड्युटी आठला सुरू होते. मग सुट्टी कुठे संपली आणि ड्युटी कुठे सुरू झाली?

आता आपल्या जिवाचा प्रश्न. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे कोणी विसरलेले नाही. ऑरगॅनोफॉस्फेट गटाच्या औषधाची बाधा झाली तर ॲट्रोपीन द्यावे लागते, तेही पुन्हा पुन्हा. डोस डॉक्टर ठरवतात. पण दर थोड्या मिनिटांनी नाडी बघणे, छातीतली घरघर ऐकणे, बाहुली तपासणे, यात नर्सचा मोठा वाटा असतो. डोस कमी पडला तरी धोका, जास्त झाला तरी धोका. सापाच्या विषावरची लस चालू असतानाही रिॲक्शन येते का, हे जागत्या डोळ्यांनी बघावे लागते. अशा वेळी हात थरथरून चालत नाही.

म्हणून म्हणतो, नर्सने दारू पिऊन गाडी चालवली ही निव्वळ खाजगी बाब नाही. तो इशारा आहे. आता इशाऱ्याला उत्तर काय द्यायचे, एवढाच प्रश्न उरतो.

सापळ्यातले पतंग मोजा

कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी आपण कामगंध सापळे लावतो. सापळ्यात एक पतंग दिसला की मी फवारा म्हणत नाही. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग आले की मग फवारणी. पण एक पतंग दिसल्यावर सापळा काढून घरी जा, असेही मी कधी म्हटलेले नाही. रोज मोजा, एवढेच सांगतो.

नर्सच्या बाबतीत माझे मत तेच आहे. पहिल्यांदा सापडला, ड्युटीवर नव्हता, कोणाला इजा नाही, तर कोर्टाची शिक्षा भोगू द्या, नोंदणीला हात लावू नका. पण ही गोष्ट वरिष्ठांच्या कागदावर आली पाहिजे. वैद्यकीय तपासणी व्हावी, सवय आहे का ते कळावे, काही काळ देखरेख असावी. व्यसन निघाले तर उपचाराला पाठवावे. पुण्यात डॉ. सुनंदा अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणातून कितीतरी माणसे उभी राहिली आहेत. उपचार घेऊन कामावर परतण्याची वाट खुली असावी.

दुसऱ्यांदा सापडला, उपचार टाळले, किंवा ड्युटीवर पिऊन आला, तर दया नको. नोंदणी निलंबित करण्यासाठी प्रकरण परिषदेकडे गेलेच पाहिजे. आणि दारूच्या नशेत कोणाचा जीव घेतला असेल तर तो विषयच वेगळा.

कोणी विचारेल, पहिल्याच वेळी परवाना रद्द केला तर धाक बसणार नाही का? बसेल, पण उलटा. शिक्षा एवढी मोठी असली की सोबतची नर्स तक्रार करत नाही, डॉक्टर डोळेझाक करतात आणि पिणारा लपून पितो. लपलेली अळी दिसत नाही, पण बोंड आतून पोखरते. उलट काहीच केले नाही तर म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो. म्हणून मधली वाट.

गावाने काय करावे?

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटील यांना विनंती आहे. ओट्यावर न्याय करू नका आणि रागाच्या भरात "परवाना रद्द करा" असा ठराव लिहू नका. तक्रार असेल तर तारीख, वेळ, कोणी पाहिले, हे लिहून द्या. प्राथमिक आरोग्य केंद्राची बाब असेल तर वैद्यकीय अधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्या. ग्रामीण रुग्णालयाची असेल तर वैद्यकीय अधीक्षक आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे द्या. पोच घ्या. ड्युटीवर नशेत दिसला तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. तिथल्या तिथे डॉक्टरांना बोलवा आणि तपासणी करायला सांगा. ऐकीव गोष्टीवर कोणाचे नाव घेऊ नका, बदनामी लवकर पसरते आणि मागे घेता येत नाही.

हाच नियम मला लावला तर चालेल का, असे मी स्वतःला विचारले. मी तुम्हाला पंपामागे औषधाचे प्रमाण सांगतो. माझ्या तोंडाला वास आला तर तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवाल का? नाही ठेवणार आणि ते बरोबरच आहे. पण एका चुकीवर मला कायमचे घरी बसवावे, असेही मला वाटणार नाही.

परवा त्या गावी पुन्हा गेलो होतो. तो ब्रदर कामावर आहे, एसटीने येतो-जातो. तरुण कार्यकर्त्याला हे सगळे सांगितले. तो म्हणाला, "ठीक आहे साहेब, पण लक्ष ठेवणार." म्हटलं, ठेवाच. आणि तुमच्या घरच्या ट्रॅक्टरची चावी रात्री कोणाच्या हातात असते, त्यावरही ठेवा.