वाहनातील दुर्गंध : आच्छादन नव्हे, निदानपरिवर्जन



काही वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी मोटारगाडी विकत घेतली. सोनगीर परिसरातील खेड्यांतून रुग्ण पाहणे आणि धुळ्याहून औषधद्रव्ये आणणे ही दोन्ही कामे तिने व्हावीत, एवढाच हेतू होता. गाडी दिसावयास स्वच्छ होती. मात्र दार उघडताच कुबट वास येई. विक्रेत्याच्या सल्ल्यानुसार आम्ही आरशाला सुगंधाची कुपी टांगली. वास दबला व आम्ही निश्चिंत झालो.

पुढे श्रावणातील एका रात्री तमकश्वासाच्या एका जुन्या रुग्णास त्याच गाडीतून धुळ्याच्या रुग्णालयात नेण्याचा प्रसंग आला. अंतर सुमारे २० किलोमीटर. बाहेर पाऊस, म्हणून काचा बंद आणि वातानुकूलन चालू. नगाव येण्यापूर्वीच रुग्णाचा श्वास अधिक कोंडू लागला. बोलणे अशक्य झाल्याने त्याने हातानेच काच उतरविण्याची खूण केली. काचा उघडल्या, पाऊस आत आला आणि त्यास किंचित उतार पडला. यथावकाश रुग्ण बरा होऊन घरी परतला. परंतु रज व धूम हे श्वासाचे हेतू म्हणून नित्य सांगणारे आम्ही, बुरशीची हवा आणि तीवर तीव्र सुगंध असे दोन हेतू स्वतःच्या वाहनात बाळगून होतो, ही खंत मनातून गेली नाही. प्रस्तुत लेख त्या खंतीतून लिहिला आहे.

गंध तेथे द्रव्य

गंध हा पृथ्वी महाभूताचा विशेष गुण होय, हे आपण पहिल्या वर्षी शिकतो. गुण द्रव्याच्या आश्रयाने राहतो. म्हणून जेथे गंध तेथे द्रव्य असलेच पाहिजे. आधुनिक रसायनशास्त्रही निराळे सांगत नाही. पदार्थातून सुटलेले सूक्ष्म रेणू नाकापर्यंत पोहोचले म्हणजे वास येतो. सुगंधाची कुपी त्या रेणूंचा नाश करीत नाही, केवळ त्यांत आणखी रेणूंची भर घालते. मूळ द्रव्य आसनाच्या स्पंजात वा गालिच्याखाली तसेच राहते आणि ऊन लागताच पुन्हा वर येते. सबब येथेही पहिली चिकित्सा निदानपरिवर्जन हीच.

प्रथम परीक्षा

रस वगळता इतर विषयांची परीक्षा वैद्याने स्वतःच्या इंद्रियांनी करावी, असे चरकाचार्य सांगतात. वाहनासही तेच लागू. मात्र नाक काही मिनिटांतच परिचित वासास सरावते. म्हणून गाडी रात्रभर बंद ठेवावी, सकाळी दार उघडताच पहिला श्वास घेऊन निर्णय करावा आणि शक्य तर त्या गाडीत कधी न बसलेल्या माणसासही विचारावे.

वातानुकूलन सुरू करताच कुबट वास आला तर दोष बहुधा त्याच्या शीतक भागावर साचलेल्या ओलाव्यात व बुरशीत असतो, किंवा हवा गाळणाऱ्या जाळीत. पाय ठेवण्याच्या जागेतून वास येत असल्यास गालिचा उचलून खालचा थर हाताने दाबून पाहावा. आपल्याकडे गाडी निंबाच्या सावलीत उभी करण्याची रीत आहे. गळलेली पाने समोरच्या काचेखालील पन्हळीत साचून पाणी जाण्याचे छिद्र बुजवितात आणि पावसाचे पाणी आत झिरपते. आमच्या गाडीचा रोग नेमका हाच होता. झरोक्यातून सडका वास आल्यास मेलेला उंदीर शोधावा.

काही वास मात्र स्वच्छतेचे नव्हेत, धोक्याचे सूचक असतात. स्वयंपाकाच्या वा वाहनाच्या गॅसला मुळात फारसा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. असा वास आल्यास कोणतेही बटण न दाबता दारे उघडून दूर व्हावे. धुराचा वास आत येत असल्यास त्याबरोबर गंधहीन व प्राणघातक कार्बन मोनॉक्साइडही येत असतो. गोडसर वास इंजिन थंड ठेवणाऱ्या विषारी द्रवाच्या गळतीचा असू शकतो. या तिन्ही प्रसंगी गाडी प्रथम कारागिराकडे न्यावी.

शोधन व शोषण

कारण सापडल्यावर क्रम असा ठेवावा : गळती बंद करणे, ओला थर बाहेर काढणे, धूळ शोषक यंत्राने ओढणे, मग धुणे, मग वाळविणे. भिजून सडलेला स्पंज धुऊन सुधारत नाही. तो बदलणेच श्रेयस्कर.

धुताना द्रव्याचा स्वभाव पाहावा. क्षाराचा दाह अम्लाने शमतो, हे क्षारकर्म करणाऱ्यांना सांगणे नलगे. तोच न्याय येथे चालतो. मासळीचा वास व तंबाखूच्या धुरातील निकोटीन ही क्षारधर्मी. त्यांवर एक भाग सिरका व चार भाग पाणी यांचे मिश्रण उपयोगी पडते. याउलट सांडून आंबलेले दूध अम्लधर्मी. तेथे एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून पुसावे, अथवा कोरडा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवावा व सकाळी ओढून घ्यावा. ओकारी, मूत्र व दूध यांचे डाग जुने असल्यास पाचक विकरे असलेली द्रावणे अधिक गुणकारी ठरतात. कोणतेही द्रावण आधी झाकल्या कोपऱ्यात लावून रंग जात नाही ना, ते पाहावे. कपडे शुभ्र करणारे क्लोरीनयुक्त द्रावण सिरक्यात किंवा मूत्राच्या डागावर कदापि ओतू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

धुण्याइतकेच वाळविणे महत्त्वाचे. या बाबतीत खानदेशचा उन्हाळा आपला मित्र आहे. मे महिन्यात पारा ४२ ते ४४ अंशांवर जातो, आणि उन्हात बंद ठेवलेल्या गाडीचे अंतरंग तासाभरात बाहेरच्याहून सुमारे २० अंशांनी अधिक तापू शकते. प्रथम अर्धा तास काचा बंद ठेवाव्यात, नंतर चारही दारे उघडून तापलेली हवा जाऊ द्यावी, आणि दोन-तीन दिवस हा क्रम करावा. त्या वेळी आत बालक वा प्राणी नाही, याची खातरजमा स्वतः करावी. शेवटी सक्रिय कोळशाच्या पिशव्या ठेवाव्यात. हा कोळसा वास झाकत नाही, आपल्या असंख्य छिद्रांच्या पृष्ठभागावर धरून ठेवतो. चुलीतल्या साध्या कोळशास ही शक्ती बेताचीच असते. पुढे प्रवास संपण्यापूर्वी काही मिनिटे शीतन बंद करून नुसता पंखा चालवावा, म्हणजे आतला ओलावा वाळतो.

धूपनाविषयी सावधगिरी

गुग्गुळ, वचा, निंबपत्र व सर्षप यांचे धूपन गाडीत करावे काय, असे अनेक व्यवसायबंधू विचारतात. आमचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. व्रणितागार व सूतिकागार या वास्तू होत, बंद पेट्या नव्हेत. गाडीचे छत व आसने कृत्रिम तंतूंची व ज्वालाग्राही असतात. शिवाय धुराचा चिकट अंश कापडात मुरून तंबाखूच्या धुराप्रमाणेच नवा वास निर्माण करतो.

कापूर व डांबरगोळ्या यांचीही तीच कथा. कापूर पोटात गेल्यास लहान मुलांस आचके येतात. डांबरगोळीतील नॅफ्थलीन, जन्मतः जी-६-पी-डी विकराची न्यूनता असलेल्या बालकांत रक्तपेशींचा नाश घडवू शकते, आणि ही न्यूनता चेहऱ्यावरून कळत नाही. ओझोन सोडणारी यंत्रे फुप्फुसांस अपायकारक असून रबरही जीर्ण करतात.

औषधनिर्मात्यांसाठी

औषधी निर्माणशाळांच्या मालकांस हा विषय आरामाचा नसून द्रव्यशुद्धीचा आहे. २००० साली औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत आलेल्या परिशिष्ट टी अन्वये कच्च्या द्रव्यांचे दूषण टाळणे ही निर्मात्याची जबाबदारी आहे. ही काळजी भांडाराच्या दारापाशी सुरू होत नाही. ती वाहनापासूनच घ्यावी लागते. चूर्णे गंध चटकन ओढून घेतात. हिंग वा लसूण वाहिलेल्या गाडीत शतावरीचे उघडे पोते ठेवल्यास काय होते, हे कोणत्याही अनुभवी औषधविक्रेत्यास ठाऊक आहे. बिब्बे वाहिले असतील तर प्रश्न केवळ वासाचा राहत नाही; त्यांचे तेल आसनास लागून राहिल्यास पुढे बसणाऱ्याच्या त्वचेवर फोड उठू शकतात.

याहून गंभीर बाब कीटकनाशकांची. आपला मुलूख कापसाचा. जुनी गाडी पूर्वी फवारणीच्या औषधांची ने-आण करीत होती काय, हे खरेदीपूर्वी विचारलेच पाहिजे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले. ही द्रव्ये श्वासाप्रमाणे त्वचेतूनही शरीरात शिरतात. असा वास आल्यास, अथवा सांडल्याच्या खुणा दिसल्यास, धुण्याचा प्रयोग करू नये. गालिचा व स्पंज बदलून घ्यावेत, आणि त्या वाहनातून औषधद्रव्य कधीही नेऊ नये. किंमत कमी असली तरी अशी गाडी न घेणेच उत्तम.

सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी जुन्या काळापासून ओळखले जाते. कळकलेल्या भांड्यावर अत्तर शिंपडावे, असे येथील कोणत्याही गृहिणीच्या मनात येणार नाही. ती चिंच लावून ते घासते, धुते आणि उन्हात पालथे घालते. आम्हीही अखेर तेच केले. गालिच्याखालचा थर बदलला, निंबाच्या पानांनी बुजलेले छिद्र मोकळे केले आणि कुपी फेकून दिली. आज आमच्या गाडीला कसलाच वास येत नाही. तो श्वासाचा रुग्ण मागील चैत्रात पुन्हा तीत बसला. या वेळी काचा बंद होत्या, आणि धुळे येईपर्यंत तो आमच्याशी कापसाच्या भावाविषयी बोलत होता.