लालबागची मसाला गल्ली आणि हंगेरीची मिरची

मालवणी मसाला शिकायला क्लास लावावा लागत नाही. मार्च ते मे या काळात मुंबईत लालबागच्या मसाला गल्लीत तासभर उभं राहिलं तरी बरंच कळतं. पावसाळ्याआधी वर्षाचा मसाला करून ठेवायची गिरणगावातली रीत गिरण्या गेल्या तरी टिकली.

आधी मिरची. रंगासाठी बेडगी, तिखटपणासाठी संकेश्वरी किंवा लवंगी. ती उन्हात इतकी वाळवायची की मोडताच कडकन तुटली पाहिजे. धणे, बडीशेप, शहाजिरे, दगडफूल, नागकेशर वेगवेगळं भाजतात, कारण प्रत्येकाची आच निराळी. खसखस तर बघता बघता करपते. प्रमाण घरोघरी वेगळं, आणि ते सहजासहजी कुणी सांगत नाही!

हंगेरीचा गुलाश, म्हणजे मांसाचा रस्सा, शिकतानाही सगळी मदार लाल मिरचीच्या पुडीवर, म्हणजे पाप्रिकावर. चरबीत कांदा परतला की भांडं आचेवरून उतरवून मगच पाप्रिका घालतात, कारण तिच्यातल्या साखरेमुळे ती झटकन जळून कडवट होते. मिरची मूळची अमेरिकेतली. भारतात ती पोर्तुगीजांनी आणली, हंगेरीत ऑटोमन काळात पोहोचली. हंगेरीतल्याच सेगेडचे शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी पाप्रिकातून भरपूर क जीवनसत्त्व वेगळं काढलं. १९३७चं नोबेल त्यांना मिळालं, त्यात या कामाचाही वाटा होता.

लालबागला भाजलेला माल डंकिणीत कुटून चाळतात. घरी आणलेला मसाला पूर्ण गार झाल्यावर कोरड्या बरणीत दाबून भरायचा आणि वर हिंगाचे खडे ठेवायचे.