प्रवाळ वाचवायचं तर आधी शिसं उतरवा

कमरेला शिसं जितकं जास्त, तितकं पाण्याखाली स्थिर राहता येतं, हा स्कूबा डायव्हिंगमधला सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज. प्रत्यक्षात घडतं उलटं. जादा शिशाचा भार तोलायला अंगावरच्या फुगवता येणाऱ्या जॅकेटमध्ये जादा हवा भरावी लागते, आणि हवा दाबाखाली आक्रसते. 10 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, जॅकेटमधली तीच हवा निम्म्या जागेत मावते. म्हणजे हवा जितकी जास्त, तितका खोलीतल्या किरकोळ बदलानंही तोल ढळतो. त्यातच शिसं कमरेला आणि हवा छातीपाशी, त्यामुळे पाय खाली लोंबतात आणि फिन्सचे फटकारे तळावरच्या प्रवाळावर बसतात. नेमकं वजन ठरवण्याची चाचणी सोपी आहे. सिलिंडर संपत आलेला, जॅकेट रिकामं आणि छातीत नेहमीइतका श्वास असताना पाणी डोळ्यांच्या रेषेत यावं. श्वास सोडताच माणूस सावकाश बुडावा. भरलेल्या सिलिंडरनं चाचणी केली, तर पुढे खर्च होणाऱ्या हवेच्या वजनापोटी साधारण दोन किलो शिसं वाढवावं. बारीक तोल मात्र जॅकेटच्या बटणानं साधत नाही, तो फुप्फुसांनी साधतो: अर्धा लिटर हवा आत घेतली की सुमारे अर्ध्या किलोची उचल मिळते. श्वास संथ हवा, पण कधीही रोखून धरू नये. तसं करत वर येणाऱ्याची फुप्फुसं फाटू शकतात. हा सराव आधी तलावात किंवा वाळूच्या तळावर करावा.

प्रवाळ म्हणजे दगड, त्याला धक्का लागून काय होणार, असंही म्हटलं जातं. त्या चुनखडीवर जिवंत ऊतींचा पातळ थर असतो. तो खरवडला गेला की तिथे शेवाळ आणि रोग शिरतात. पोराइटीससारखं गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. भारतात असं प्रवाळ 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, आणि कोकणात मालवणचं सागरी अभयारण्य तर 1987पासून आहे. समुद्र तापून प्रवाळ पांढरं पडतं, त्यापुढे एका फिनचा फटका तो काय, हा आक्षेप रास्त वाटतो. पण पांढरं पडलेलं प्रवाळ सावरू शकतं ते त्याच्या ऊती शाबूत असतील तरच, आणि डायव्हर रोज त्याच त्या मोजक्या जागी उतरतात. फिन्सनी उडालेला गाळ झटकण्यातही प्रवाळाची शक्ती खर्च होते. कोकणचं पाणी तसंही गढूळ, त्यात ही भर. पहिल्यांदाच उतरणाऱ्या पर्यटकाला हे कौशल्य कुठून येणार, हेही खरं. त्याचं वजन आणि जॅकेट प्रशिक्षकाच्या हाती असतं, म्हणून इथे जबाबदारीही प्रशिक्षकाचीच: त्यानं पर्यटकाला वाळूवर उतरवावं, आणि फोटोसाठी प्रवाळाला धरायला लावू नये.