ओव्हनशिवायचं बेकिंग: विदर्भाचा रोडगा

बेकिंग म्हटलं की पाव, केक, नानकटाई एवढंच आठवतं. पण पिठाचा गोळा चहूबाजूंनी कोरड्या धगीवर भाजणं म्हणजे बेकिंग असेल, तर यवतमाळ जिल्ह्यात राळेगावकडे ते शेतातही होतं. ना भट्टी, ना साचा. हव्यात फक्त कडक वाळलेल्या गोवऱ्या.

रोडग्याचा गहू जाडसर दळायचा. कणकेत मीठ, ओवा, तेलाचं मोहन घालून ती घट्ट मळायची. लहान पाऱ्या लाटून, मधे तेलाचा हात फिरवत, एकीवर दुसरी गुंडाळत गोळा वळायचा. कांद्यासारखे पदर आत राहतात. तोवर पऱ्हाटीच्या काड्यांवर गोवऱ्या पेटलेल्या असतात. जाळ आहे तोवर गोळ्यांना आगीजवळ न्यायचं नाही. जाळ बसला, आर पडला, की ते मांडायचे, फिरवत राहायचे आणि शेवटी गरम राखेत पुरायचे. घाई करणाऱ्याचा रोडगा वरून कोळसा, आतून कच्चा.

खरी करामत राखेची. ती धग धरून ठेवते आणि बेताबेताने सोडते. कवचातलं पाणी उडालं की तिथलं तापमान १४० अंशांपलीकडे जातं, पिठातली साखर आणि प्रथिनं यांची रासायनिक क्रिया होऊन खरपूस रंग आणि वास येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामी मेयार यांनी १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं. आत मात्र ओल असेतो तापमान १०० अंशांच्या आसपासच थांबतं, म्हणून पदर करपत नाहीत, शिजतात.

ही विद्या फार जुनी. जॉर्डनमध्ये शुबायका इथल्या चुलाण्यांत भाकरीचे करपलेले तुकडे मिळाले, ते सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीचे. म्हणजे माणूस शेती करायला लागण्याआधीच रानटी धान्याची भाकरी भाजत होता! आपल्याकडे १६व्या शतकातल्या एकनाथांच्या भारुडात भवानीआईला नवस बोलला जातो, तोही रोडग्याचाच. राजस्थानची बाटी आणि बिहारची लिट्टी ही त्याची भावंडं. पळसाच्या पानांत दाबून भाजला तर तो पानगा. त्यावर पानाच्या शिरा स्पष्ट उमटतात.

विदर्भात रोडगे एकट्यादुकट्यासाठी सहसा होत नाहीत. देवाचा नवस फेडायचा असो की शेतातली पार्टी, पंगतच बसते. भाजलेले रोडगे कापडात घोळून राख झटकतात. सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि तुरीचं वरण. रोडगा हाताने कुस्करायचा, वर तुपाची धार, शेवटचा तूप-गुळाशी.

हल्ली गॅसच्या तंदूरमध्येही रोडगे करतात. कवच छान येतं, गोवरीचा वास येत नाही. तेव्हा शेतातल्या पंगतीचं आवतण आलं तर जा, आणि वेळेवर जा. गार झालेला रोडगा कुस्करता कुस्करत नाही.