नाताळची भेट म्हणून आणलेले पिल्लू कोठून येते?

नाताळ जवळ आला की अनेक घरांतील मुले आईवडिलांपाशी कुत्र्याच्या पिल्लाचा हट्ट धरतात. अलिबागपासून रेवदंडा, कोर्लई, मुरूडपर्यंतच्या आपल्या पट्ट्यात पुष्कळ घरांना अजून अंगण आहे, त्यामुळे हा हट्ट पुरविणे सोपे वाटते. मग मुंबईतील एखाद्या दुकानातून, किंवा मोबाईलवरील छायाचित्र पाहून अनोळखी विक्रेत्याकडून, पिल्लू आणले जाते. खोक्यात बसून ते मांडव्याला उतरते, घरभर कौतुक होते. मात्र या पिल्लाची आई कोठे आहे, असे सहसा कोणी विचारीत नाही. वाचकांनी यंदा तेवढे विचारावे, अशी आमची विनंती आहे.

ज्या ठिकाणी केवळ विक्रीसाठी कुत्र्यांची वीण घेतली जाते, त्याला इंग्रजीत ‘पपी मिल’, म्हणजे पिल्लांचा कारखाना, असे म्हणतात. कुत्री साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते आणि तिचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. हे गणित ज्याला केवळ पैशाच्या दृष्टीने दिसते, तो प्रत्येक माजाला तिला गाभण ठेवतो. तिचा पिंजरा अरुंद असतो, फिरणे नसते, औषधपाण्यावर खर्च नसतो. शरीर थकले की ती निरुपयोगी ठरते. ग्राहकाला यांतले काहीच दिसत नाही; त्याच्यासमोर येते ते पुसूनपासून ठेवलेले गोजिरवाणे पिल्लू.

त्या पिल्लाचे दुःखही निराळेच असते. लहान पिल्लाला चटकन गिऱ्हाईक मिळते, म्हणून चार-पाच आठवड्यांतच त्याला आईपासून तोडतात. दात किती जोराने लावावेत, हे ते आईच्या व भावंडांच्या संगतीत शिकते. ते शिक्षण अपुरे राहते. आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण ओसरत असते आणि लसींचा क्रम पुरा झालेला नसतो. अशा वेळी पार्व्हो विषाणूची बाधा झाली, तर उलट्या व रक्ताचे जुलाब सुरू होतात आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास पिल्लू बहुधा दगावते. संसर्ग झाल्यावर लक्षणे दिसण्यास काही दिवस लागत असल्याने विकत घेताना ते ठणठणीत वाटते. नाताळला आणलेले पिल्लू नववर्षाच्या आत पुरावे लागले, तर त्या घरातील मुलांना काय सांगावे?

याविषयी कायदा आहे. केंद्र सरकारने २०१७ साली कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयीचे नियम जारी केले. त्यांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. अठरा महिन्यांखालील अथवा आठ वर्षांवरील मादीची वीण घेता येत नाही, वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा घेता येत नाही आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. म्हणून पिल्लू घ्यायचेच असेल, तर विक्रेत्याकडे नोंदणीचे प्रमाणपत्र व लसीकरणाची नोंद मागावी, आणि पिल्लाच्या आईला तिच्या राहत्या जागी पाहू द्या, असे स्पष्ट सांगावे. ‘आम्हीच पिल्लू जेटीवर आणून देतो’ असे उत्तर आले, तर व्यवहार तेथेच थांबवावा. दया येऊन ‘निदान या एकाला तरी सोडवू’ म्हणून पैसे मोजणारेही असतात. त्यांचा हेतू चांगला असतो, परंतु रिकामा झालेला पिंजरा पुढच्या विणीसाठीच वापरला जातो.

जातीचाही विचार हवा. २००३ च्या सुमारास मोबाईल कंपनीच्या एका जाहिरातीने पग घरोघरी ओळखीचा झाला. चपट्या नाकामुळे या जातीला श्वास घेणे मुळातच कष्टाचे. मे महिन्यातील आपला दमट उकाडा तिला जिवावर बेतू शकतो. दुहेरी केसांचा हस्की तर बर्फाळ मुलखातला. हौस फिटल्यावर अशा कुत्र्यांना एखाद्या किनाऱ्यावर सोडून देण्याचे प्रकार होतात. पाळीव प्राण्याला असे वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. त्या वेळी पहिल्या गुन्ह्यासाठी ठरलेला दंड १० ते ५० रुपयांचा होता, एवढे सांगितले म्हणजे त्याचा धाक किती असेल हे कळावे.

खरे तर पिल्लासाठी मुंबई गाठण्याची गरजच नाही. बंदरावर, बाजारात, सुकत घातलेल्या बोंबलांच्या आसपास वाढणारे गावठी पिल्लू येथल्या हवेला सरावलेले असते आणि त्याला घर हवेच असते. ते आईचे दूध सुटेपर्यंत तिच्याजवळ राहू द्यावे. नंतर पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून, जंतांचे औषध देऊन लसी सुरू कराव्यात. रेबीजची पहिली लस तिसऱ्या महिन्यात येते. निर्बीजीकरण केव्हा करावे, हेही तेव्हाच विचारून ठेवावे. मोठे कुत्रे घेण्यास लोक बिचकतात, पण आमच्या मते नोकरदार घराला तेच अधिक सोयीचे, कारण त्याचा स्वभाव आधीच कळलेला असतो. कानाला खाच दिसली, तर त्याचे निर्बीजीकरण झालेले आहे, असे समजावे.

आणि नाताळच्या दिवशीच ते आणू नये. फटाके, पाहुणे, गाणी यांत नवे जनावर घाबरून जाते. सण उरकल्यावर, जानेवारीत घर शांत झाले, की आणावे. तोवर मुलांनी त्याचे नाव ठरवून ठेवावे.