साडीचे गाव कोणते?

लग्नसराई जवळ आली की बंगळुरूत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची पावले चिकपेटेकडे वळतात. कन्नड भाषेत ‘चिक्क’ म्हणजे लहान. मात्र केंपेगौडांनी सोळाव्या शतकात वसविलेल्या जुन्या शहरातील ही ‘लहान पेठ’ आज रेशमी वस्त्रांच्या व्यापाराचे मोठे केंद्र आहे. दुकानातील पांढऱ्या गादीवर साड्यांच्या घड्या उलगडू लागतात आणि ग्राहकाचा पहिला प्रश्न येतो, ‘ही कुठली?’ ‘कांचीपुरमची’ असे उत्तर मिळाले की हात कापडावर स्थिरावतो. ‘इथलीच, बंगळुरूची’ असे म्हटले की घडी पुरती न उलगडताच बाजूला सरते. पैठणीच्या बाबतीत तर हा दंडक अधिकच कडक. ‘बंगळुरी पैठणी’ हा शब्दप्रयोग अनेक मराठी घरांत ‘नकली’ याच अर्थाने केला जातो.

या समजुतीत तथ्य अजिबात नाही, असे म्हणता येणार नाही. ‘सेमी पैठणी’ या नावाने विकली जाणारी यंत्रमागावरील साडी बंगळुरूत तयार होते, हे खरेच आहे. हातमागावरील पैठणीला कित्येक आठवडे, नक्षी दाट असल्यास कित्येक महिने लागतात. दोहोंच्या किमतीत मोठे अंतर असणे म्हणूनच स्वाभाविक आहे. परंतु हे अंतर मागाचे, धाग्याचे आणि श्रमाचे आहे; गावाचे नव्हे.

गावाचाच शोध घ्यायचा तर पैठणीची कथा उद्बोधक ठरते. तिला नाव दिले गोदाकाठच्या पैठणने, पण आज तिचे विणकाम प्रामुख्याने नाशिक जिल्ह्यातील येवला आणि परिसरात चालते. तिची जर सुरतेहून येते आणि रेशीम मोठ्या प्रमाणावर येते ते बंगळुरूहून! म्हणजे ज्या शहराचे नाव ऐकून ग्राहक साडी बाजूला सारतो, त्याच शहरातून आलेला धागा तो ‘अस्सल’ पैठणीत अभिमानाने मिरवतो. कर्नाटकातील रेशीम उद्योगाची वाढही अनेकांच्या हातून झाली. अठराव्या शतकात टिपू सुलतानाने म्हैसूर राज्यात त्यास चालना दिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जमशेटजी टाटांनी जपानी तज्ज्ञांच्या साहाय्याने बंगळुरूत रेशीम फार्म उभारला.

नावावरून परीक्षा करण्याची ही सवय केवळ आपलीच नाही. १८८७ साली ब्रिटनने कायदा करून परदेशी मालावर मूळ देशाचे नाव घालणे आवश्यक केले. स्वस्त जर्मन माल ओळखून ग्राहकाने तो टाळावा, हा त्यामागील एक हेतू होता. पुढे जर्मन मालाचा दर्जा वाढत गेला आणि ‘मेड इन जर्मनी’ हा शिक्काच प्रतिष्ठेचा ठरला.

पूर्वग्रहाची किंमत

ग्राहक केवळ गावच विचारतो, हे लक्षात आले की काही विक्रेते त्याला हवे ते गाव सांगू लागतात. यात दुहेरी हानी होते. येवल्याच्या विणकराच्या कष्टाच्या पैठणीला तिच्याच नावाने विकल्या जाणाऱ्या स्वस्त साडीशी स्पर्धा करावी लागते. दुसरीकडे, कर्नाटकातील विणकराचे चांगले कामही स्वतःच्या नावाने उभे राहू शकत नाही. फसगत होते ती ग्राहकाची, आणि तीही त्याच्याच प्रश्नामुळे.

गावाच्या नावाला काही मोलच नाही, असे नव्हे. विशिष्ट भूमीशी जोडलेल्या कौशल्याचे रक्षण व्हावे, म्हणून भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ साली संमत झाला व २००३ पासून अमलात आला. म्हैसूर रेशीम, कांचीपुरम रेशीम आणि पैठणी यांना हे मानांकन लाभले आहे. मात्र दुकानदाराने उच्चारलेले गाव आणि मानांकनाने प्रमाणित केलेले गाव यांत फरक आहे.

खरेदी करताना

प्रत्येक चिन्ह वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते, हे ध्यानी ठेवावे. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ साली सुरू झालेला ‘सिल्क मार्क’ धागा शुद्ध रेशमाचा असल्याची ग्वाही देतो. साडी हातमागाची आहे की नाही, हे तो सांगत नाही. त्यासाठी २००६ साली सुरू झालेला ‘हॅण्डलूम मार्क’ पाहावा. पैठणीचा पदर उलटून पाहणे तर कोणासही जमेल. हातमागाच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते. यंत्रमागाच्या साडीच्या मागे सुटे वा कापलेले धागे आढळतात. शुद्ध रेशमाचा सुटा धागा जाळल्यास केस जळल्यासारखा वास येतो व राख बोटांनी चुरडते. कृत्रिम धागा मात्र वितळून त्याची कडक गोळी होते. शेवटी, पावतीवर ‘शुद्ध रेशीम’, ‘हातमाग’ असा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा.

एवढे पाहिल्यावर यंत्रमागाची साडी घेण्यातही कमीपणा नाही. ती यंत्रमागाची म्हणून, योग्य किमतीत मिळाली म्हणजे झाले. चिकपेटेतील गादीवर बसून ‘ही कुठली?’ असे जरूर विचारावे. पण त्याआधी ‘ही कशाची?’ आणि ‘कशी विणली?’ असे विचारले, तर विणकर येवल्याचा असो वा कर्नाटकातला, त्याच्या हाताला न्याय मिळेल.